खान्देशच्या उन्हात कोणती लिथियम बॅटरी घ्यावी?

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मावसभावाने त्याची पॉवर बँक आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. दोन्ही बाजूंनी फुगलेली, मधला सांधा उसवलेला, आणि त्या फटीतून आतली चंदेरी पिशवी डोकावत होती. ती कधी हातातून पडली नव्हती, पाण्यातही भिजली नव्हती. एप्रिल-मेचे दोन महिने ती मोटारसायकलच्या डिक्कीत होती, आणि मोटारसायकल रोज दुपारी केळीच्या बागेबाहेर बांधावर उन्हात उभी असायची. एवढंच झालं होतं.

तेव्हापासून कुणी "लिथियमची बॅटरी घ्यायचीय, कोणती घेऊ?" असं विचारलं, की मी बजेटच्या आधी एक गोष्ट विचारतो: मे महिन्यात दुपारी दोन वाजता ही बॅटरी कुठे असेल? जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि रात्री अकरा वाजताही भिंती तापलेल्या असतात. बॅटरीवर जी माहिती सहज मिळते, तिच्यात काळजी असते ती बर्फाची, शून्याखालच्या थंडीची. आपला प्रश्न वेगळा आहे, म्हणून निवडही वेगळी करावी लागते.

गावात मी फवारणीचे पंप, झटका मशीन (कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारं), हेड टॉर्च असली कामं करतो. शेतीला थ्री फेज लाइट रात्रीची आली की मोटार चालू करायला बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत बांधावरून जावं लागतं, तेव्हा हातातली बॅटरी मध्येच बंद पडणं म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. ज्यांनी आजवर पाण्याच्या किंवा बंद शिशाच्या बॅटऱ्याच वापरल्या आणि आता पहिल्यांदा लिथियम घेणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. क्रमाने वाचा, पायऱ्या गाळू नका.

पायरी १: आधी कागदावर हिशेब

दोन आकडे समजले की निम्मं काम झालं. विहिरीत पाणी किती आहे, ते वॉट-अवर. एका वेळी किती इंची पाइपने उपसता येईल, ते वॉट. विहीर भरलेली असली तरी पाइप बारीक असेल तर एकदम मोठं पाणी मिळत नाही. बॅटरीचंही तसंच.

व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की वॉट-अवर मिळतात. १२.८ व्होल्ट, ३० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३८४ वॉट-अवर.

आता शेतातल्या खोलीचा हिशेब करू. ९ वॉटचे दोन एलईडी बल्ब पाच तास: ९० वॉट-अवर. १२ व्होल्टवर चालणारा २० वॉटचा टेबल फॅन आठ तास: १६०. दोन मोबाइल चार्ज करायला धरा ३०-४०. एकूण झाले २८०-२९०. तारेत, चार्जिंगमध्ये आणि इन्व्हर्टर असेल तर त्यात काही वाया जातंच, म्हणून ०.८५ ने भागा: ३४० च्या आसपास. म्हणजे वरची ३० अँपिअर-अवरची बॅटरी रात्रभर पुरेल, पण पाहुणा आला आणि त्यानेही मोबाइल लावला तर पहाटे पंखा बंद पडेल. थोडं वर घ्या.

घरात फक्त वाय-फायचा राउटर आणि एक दिवा चालवायचा असेल, मुलांचा ऑनलाइन क्लास लाइट गेल्यावर बंद पडू नये एवढंच हवं असेल, तर चार तासांना शंभर वॉट-अवरही भरपूर होतात. उगाच मोठी पेटी घेऊ नका.

आणि ज्या गोष्टी या बॅटऱ्यांचं काम नाहीत, त्यांच्यावर आधीच काट मारा. तीन हॉर्सपॉवरची मोटार २२०० वॉटच्या वर ओढते, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. इस्त्री, इंडक्शन, गिझर हेही नाही. मिक्सर ५०० ते ७५० वॉटचा असतो. तो दोन मिनिटंच चालतो म्हणून विहिरीतलं पाणी त्याला पुरतं, पण पाइप पुरत नाही. ३० अँपिअरपर्यंतच वीज देणारी १२.८ व्होल्टची बॅटरी ३८४ वॉटच्या वर जाऊच शकत नाही. मिक्सर लावला की ती स्वतःला बंद करून घेईल, आणि तुम्ही म्हणाल बॅटरी खराब निघाली.

पायरी २: दुपारी ती कुठे असेल?

बहुतेक लिथियम सेलवर कंपनी दोन मर्यादा देते: चार्जिंग ४५ अंशांपर्यंत, वापर ६० अंशांपर्यंत. हे आकडे सेलच्या अंगाचे आहेत, हवेचे नाहीत. चार्ज होताना सेल स्वतःही तापतो. त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी हवा ४४ असेल, तर तिथे चार्जिंगला लावलेला सेल मर्यादेच्या पार गेलेला असतो.

उन्हाने दोन प्रकारचं नुकसान होतं. एक अचानक दिसतं, भावाच्या पॉवर बँकेसारखं. दुसरं दिसत नाही. मोबाइल-लॅपटॉपमधला कोबाल्टवाला सेल पूर्ण भरून ४० अंशांत वर्षभर नुसता ठेवून दिला, तर त्याची साधारण एक तृतीयांश क्षमता कायमची जाते. तोच सेल ४० टक्के भरून ठेवला, तर नुकसान १५ टक्क्यांच्या आसपास राहतं. २५ अंशांत आणि ४० टक्क्यांवर ठेवला, तर जेमतेम चार टक्के. एकही वेळ न वापरता! म्हणून "दोनदाच वापरली भो, तरी उतरली" असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

तुमची जागा यांपैकी कोणती, ते ठरवा. गाडीची डिक्की किंवा डॅशबोर्ड: इथे कोणतीच लिथियम बॅटरी ठेवू नका, मी एकदा मे महिन्यात भरदुपारी डिक्कीत थर्मामीटर टाकून पाहिला, काटा पन्नाशी ओलांडून गेला. पत्र्याचं शेड: ठेवणं भागच असेल तर फक्त एलएफपी (लिथियमचाच एक प्रकार, पायरी ३ मध्ये सांगतो), आणि पत्र्याखाली उंचावर ठेवण्याऐवजी खाली, विटांवर. केळीच्या बागेत किंवा आंब्याखाली सावलीत: बरं. आणि सगळ्यांत चांगली जागा आपल्या जुन्या लोकांनी बांधून ठेवली आहे, धाब्याचं घर. मातीची जाड भिंत, वर मातीचं धाबं. बाहेर आग पाखडत असताना आत माणूस झोपू शकतो. त्या भिंतीतला कोनाडा बॅटरीसाठी कोणत्याही एसी खोलीइतका कामाचा आहे. ज्यांच्याकडे अजून असं घर उभं आहे, त्यांनी बॅटरी तिथेच ठेवावी.

थंडीची चिंता करू नका. लिथियम शून्याखाली चार्ज करू नये असं लिहिलेलं असतं. धुळ्याचा पारा जानेवारीत पाच-सहा अंशांवर उतरला तरी ती हद्द दूरच राहते.

पायरी ३: प्रकार ओळखा

'लिथियम बॅटरी' हे एका वस्तूचं नाव नाही. कपाशी म्हटल्यावर जसं कोणतं वाण हा पुढचा प्रश्न येतो, तसंच इथेही आहे. नवख्या माणसाला चार नावं पुरेत.

एलएफपी. म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. दुकानात काही जण लाइफपो-फोर म्हणतात. एका सेलचा व्होल्टेज ३.२, पूर्ण भरल्यावर ३.६५. हा प्रकार १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आला. त्यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिथियम बॅटरीच्याच कामासाठी आणखी दोघांसोबत मिळालं. एलएफपीत कोबाल्ट नाही, निकेलही नाही. चांगला सेल दोन हजार वेळा, पुष्कळदा तीन हजार वेळा भरता-रिकामा करता येतो. रोज एकदा म्हटलं तरी पाच-सात वर्षं. आणि आपल्यासाठी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तो सहजी भडकत नाही. आतल्या आत स्वतःच तापत जाऊन पेट घेण्याची अवस्था एलएफपीत साधारण २७० अंशांना येते, एनएमसीत २१० च्या आसपास, आणि मोबाइलमधल्या कोबाल्टच्या सेलमध्ये १५० च्या आसपास. शॉर्ट झालेल्या एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला त्या हद्दीपर्यंत नेते की नाही, यावर पेटी वाचणार की पेटणार हे ठरतं. हद्द जितकी उंच, तितकी वाचण्याची संधी जास्त.

दोष वजनाचा आणि आकाराचा. एक किलो एलएफपी सेलमध्ये ९० ते १६० वॉट-अवर बसतात.

एनएमसी. निकेल, मँगनीज, कोबाल्ट. सेल ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा, भरल्यावर ४.२. एका किलोत १५० ते २५० वॉट-अवर, म्हणजे त्याच कामाला निम्म्या वजनाच्या जवळपास. आयुष्य ५०० ते १००० वेळा. बोटाएवढे जाड सेल तुम्ही टॉर्चमध्ये पाहिले असतील, त्यांना १८६५० म्हणतात: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य गोल आकाराचं. त्यांत बहुतेक हाच किंवा याच्या नात्यातला प्रकार असतो.

पाउच. हे खरं तर रसायनाचं नाव नाही, आकाराचं आहे. चंदेरी पिशवीत बंद केलेला सेल, ज्याला बाजारात 'पॉलिमर' म्हणतात. आत बहुधा कोबाल्ट किंवा एनएमसी असतं. पातळ, हलका, मोबाइल आणि पॉवर बँकेसाठी ठीक. पण बाहेर धातूचा डबा नसल्याने वायू झाला की तो फुगतो, आणि खिळा किंवा चावी टोचली की संपलं.

एलटीओ. टायटनेटचा सेल, २.३-२.४ व्होल्टचा. दहा हजारांच्या वर वेळा चालतो आणि ऊनही सोसतो, पण जड आणि महाग. पहिली बॅटरी म्हणून तुम्हाला लागणार नाही.

माझं मत विचाराल तर स्पष्ट सांगतो. खिशात किंवा डोक्यावर बसेल ती वस्तू एनएमसीची चालेल, कारण तिथे वजन लागतं आणि ती तुमच्यासोबत सावलीत येते. खिशात न मावणारी प्रत्येक बॅटरी, मग ती पंपाची असो, झटका मशीनची असो, शेतातल्या खोलीची असो की विकत आणलेलं पोर्टेबल पॉवर स्टेशन असो, खान्देशात एलएफपीचीच घ्या. दोनशे ग्रॅम जास्त भरली तर भरू द्या.

पायरी ४: '१२ व्होल्ट लिथियम' म्हणजे नक्की काय?

इथे सगळ्यांत जास्त लोक फसतात, म्हणून थोडं थांबतो.

१२ व्होल्टची लिथियम बॅटरी दोन तऱ्हांनी बनते. एलएफपीचे चार सेल एकामागे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात, पूर्ण चार्जिंगला १४.६ लागतात. एनएमसीचे तीन सेल जोडले की ११.१ होतात, पूर्ण चार्जिंग १२.६ वर संपतं. दोन्हींवर निळं किंवा काळं प्लास्टिक गुंडाळलेलं, दोन्हींवर '१२ व्होल्ट लिथियम' असंच लिहिलेलं. दिसायला जुळी भावंडं.

आता अमळनेरकडून आलेल्या एका जिभाऊंची गोष्ट. त्यांनी फवारणी पंपातली शिशाची बॅटरी काढून हलकी लिथियम टाकली होती आणि चार्जर जुनाच ठेवला होता. चार दिवसांत बॅटरी मेली. ती माझ्या हातात देऊन म्हणाले, "आते हाई काय कामनी शे?" मी प्लास्टिक कापलं. आत तीन सेल. त्यांचा जुना चार्जर १४ व्होल्टच्या वर जाणारा. तीन सेलांत १४.६ वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास ४.९ व्होल्ट येतात, आणि त्याची हद्द ४.२ ची. आतल्या छोट्या सर्किटने वेळीच तोडलं म्हणून बॅटरीच गेली, गोठा वाचला.

उलट झालं तर धोका नाही, पण काम होत नाही. १२.६ वर थांबणारा चार्जर एलएफपीला लावला तर ती जवळजवळ रिकामीच राहते आणि माणूस म्हणतो, लिथियम दोन टाक्यांत उतरते.

दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. नवी बॅटरी तिच्यासोबतच्या चार्जरने पूर्ण भरा, चार्जर काढून तासभर ठेवा आणि मोजा. १३.३ ते १३.६ दिसलं तर एलएफपी. १२.६ किंवा थोडं खाली दिसलं तर तीन सेलची एनएमसी. दुकानदार काहीही म्हणो, हा आकडा खोटं बोलत नाही. चार्जरवर छापलेला आकडाही वाचा: एलएफपीसाठी १४.६ व्होल्ट.

पायरी ५: लेबल वाचा, मग वजन करा

पॉवर बँकेवर २०,००० एमएएच (मिलि-अँपिअर-अवर; हजार म्हणजे एक अँपिअर-अवर) लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. म्हणजे ७४ वॉट-अवर. बाहेर ५ व्होल्टने देताना रूपांतरात काही जातं आणि हातात साधारण १२-१३ हजार एमएएच येतात. ही फसवणूक नाही; चांगल्या कंपन्या बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून हा दुसरा आकडा छापतात. तो आकडाच नसेल तर ती वस्तू खाली ठेवा.

मग बीआयएसची खूण शोधा. पॉवर बँक आणि लिथियम सेल-बॅटऱ्यांना भारतात भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. सेल-बॅटरीचं मानक आयएस १६०४६. खुणेजवळ 'आर' अक्षर आणि पुढे आठ आकडे असतात. मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो नंबर टाकला की कोणत्या उत्पादकाच्या कोणत्या वस्तूला तो दिला आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या एक मिनिटाचं काम. नंबर दुसऱ्याच वस्तूचा निघाला, तर काय समजायचं ते समजा.

सुट्या १८६५० सेलला आणखी एक कसोटी आहे, आणि ती आपल्या जळगावात फार सोपी आहे. मला एका यात्रेतल्या दुकानातून घेतलेल्या टॉर्चचा सेल मिळाला होता. वर ९९०० एमएएच छापलेलं. माझा एक मित्र सराफ बाजारात कामाला आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्याच्या काट्यावर, जिथे नथीचा मोती तोलतात तिथे, मी तो सेल ठेवला. ३१ ग्रॅम. शेजारी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला चांगल्या कंपनीचा सेल ठेवला, जो फक्त २६०० एमएएच सांगत होता. ४६ ग्रॅम. खऱ्या सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या पुढे-मागे असतं, आणि त्या आकारात नामांकित कंपन्याही ३५०० एमएएचच्या आसपासच पोचतात. पाच हजारांच्या वरचा कोणताही आकडा दिसला की तो खोटा. आतली वस्तू डब्यात मावेल तेवढीच असते, छापणाऱ्याला मात्र काही हद्द नसते.

पायरी ६: पेटीच्या आत

बीएमएस नाव लक्षात ठेवा. ती बॅटरीची राखणदार पट्टी. जास्त भरली, फार उतरली, जास्त करंट ओढला, शॉर्ट झालं, की ती तोडते; चारही सेल सारख्या पातळीवर ठेवते; चांगल्या पट्टीला तापमान पाहणारा सेन्सर असतो. दुकानदाराला तीनच प्रश्न विचारा: बीएमएस किती अँपिअरचा, बॅलन्सिंग आहे का, तापमानाचा सेन्सर आहे का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर 'नाही' आलं तर आपल्या हवेसाठी मी ती बॅटरी घेणार नाही.

एलएफपी वापरताना एक सवय बदलावी लागते. शिशाची बॅटरी उतरत आली की टॉर्च पिवळी पडते, पंपाचा फवारा मंदावतो, आपल्याला कळतं. एलएफपी शेवटपर्यंत तशीच झगझगीत चालते आणि मग एकदम अंधार. रात्री पाण्यावर जाताना निघण्याआधी भरूनच निघा.

आणि अशी बंद पडलेली बॅटरी मल्टिमीटरवर शून्य दाखवते. घाबरून फेकू नका. बीएमएसने दार लावलंय एवढंच. योग्य चार्जर लावला की बहुधा दार उघडतं. तेवढ्याने नाही उघडलं, तर जाणकाराला दाखवा.

फवारणी पंपासाठी

आपल्याकडे सगळ्यांत जास्त बदल इथेच होतोय, म्हणून वेगळं सांगतो. पंपात येणारी शिशाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ९६ वॉट-अवरची असते, पण रोज पूर्ण उतरवली तर एका-दोन हंगामांत बसते. आयुष्य हवं असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे ४८. वजन दोन-अडीच किलो. त्या जागी जाड गोल ३२७०० आकाराचे सहा अँपिअर-अवरचे चार एलएफपी सेल टाकले, की ७७ वॉट-अवर होतात, त्यातले जवळजवळ सगळे वापरता येतात, आणि वजन पाऊण किलोच्या आत-बाहेर. पाठीवर सोळा लिटर पाणी घेऊन कपाशीच्या ओळीतून दिवसभर चालणाऱ्या माणसाला दीड किलो कमी होणं म्हणजे काय, ते संध्याकाळी त्याच्या खांद्याला विचारा.

पंपाची मोटर सहसा तीन-चार अँपिअर ओढते, त्यामुळे दहा-पंधरा अँपिअरचा बीएमएस पुरतो. बॅटरी खोक्यात हलू नये म्हणून फोमने पक्की बसवा. वायरीच्या जोडाला उष्णतेने आकसणारी नळी चढवा. औषधाचा ओघळ तिथेच जातो. आणि जुना चार्जर त्याच दिवशी घरातून बाहेर काढा, नाहीतर चुकून कुणीतरी तोच लावतं. जिभाऊंचं झालं ते पुन्हा नको.

सोलर लावायचं असेल तर

थोडक्यात: रानडुकरं आणि रोही यांच्यासाठी झटका मशीन रात्रभर चालवायचं असेल, तर पॅनल हवंच. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसणाऱ्या चार्ज कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये 'एलएफपी' किंवा 'लिथियम' असा पर्याय आहे का ते पाहा. फक्त शिशाच्या बॅटरीसाठीचा, अधूनमधून व्होल्टेज चढवून 'इक्वलाइज' करणारा कंट्रोलर लिथियमला लावू नका. शंभर वॉटचं पॅनल आपल्या उन्हात दिवसाला साधारण ३५०-४०० वॉट-अवर देतं. मेमध्ये पॅनल स्वतः इतकं तापतं की ऊन जास्त असूनही वीज वाढत नाही. बॅटरी पॅनलच्या पाठीमागे बांधू नका. सावली दिसते म्हणून लोक तिथे बांधतात, पण तापलेल्या पॅनलची सगळी धग तिला लागते. तार लांबवा आणि पेटी झाडाखाली न्या.

हंगाम संपल्यावर

दिवाळीच्या सुमारास फवारणी थांबते आणि पंप जूनपर्यंत पडून राहतो. त्या मधल्या काळातच बहुतेक बॅटऱ्या मरतात. शिशाच्या बॅटरीची सवय अशी की ठेवताना पूर्ण भरून ठेवायची. लिथियमचं उलटं आहे: निम्मी भरून ठेवा. पूर्ण रिकामी ठेवली तर बीएमएस स्वतः थोडी थोडी वीज खात राहतो आणि सेल इतका खाली जातो की परत येत नाही. बॅटरी पंपातून काढा, तारा सुट्या करा, घरातल्या सगळ्यांत थंड खोलीत ठेवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरात मुली माहेरी येतात, झोके बांधले जातात, त्या वेळी आठवणीने एकदा मीटर लावून बघा आणि उतरली असेल तर निम्म्यापर्यंत भरा. चार्जिंग उन्हाळ्यात पहाटे करा. रात्री लावून झोपू नका.

आग आणि कापूस

हे नीट वाचा. आपल्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरात साठवतात, कधी कधी आढ्याला लागेपर्यंत. त्या खोलीत कोणतीही लिथियम बॅटरी चार्ज करू नका. एलएफपीसुद्धा नाही. ती भडकत नाही असं कुणी सांगितलं तरी बिघडल्यावर तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो, आणि कापसाला एक ठिणगी पुरते. कडबा, बारदान, फवारणीची औषधं यांच्यापासूनही दूर. चार्जिंगची जागा फरशीवर, भिंतीलगत, दाराजवळ असावी. पण बाहेर पडायची वाट अडेल अशी नसावी.

बॅटरी फुगली, गोडसर उग्र वास आला, हाताला न सोसेल इतकी तापली, तर तिला दाबू नका, टोचू नका. चार्जर भिंतीतून काढा आणि जमत असेल तर ती उघड्यावर, मातीवर नेऊन ठेवा. पेटलीच तर धुरात उभं राहू नका, तो विषारी असतो. पेटीचा लाइटशी संबंध तुटलेला असेल तर लांबून भरपूर पाणी मारा. सेल थंड करणं हाच उपाय असतो, आणि विझल्यासारखी दिसली तरी ती पुन्हा पेटू शकते. मोठी पेटी असेल तर माणसं बाहेर काढा आणि ११२ ला फोन करा.

प्रवास आणि यात्रा

विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक हातातल्या बॅगेत चालते, खाली टाकायच्या सामानात अजिबात नाही. २७,००० एमएएचपर्यंत तुम्ही त्या हद्दीत आहात.

चैत्रात वणीला पायी जाणाऱ्यांसाठी: प्रत्येकाच्या खिशात १०,००० एमएएचची एक पॉवर बँक पुरे. ती आजच्या मोबाइलला सव्वा ते दीड वेळा भरते. रात्रीच्या चालीला हेड टॉर्च वेगळा ठेवा, पॉवर बँकेच्या दिव्यावर विसंबू नका. सोबत सामानाचा टेम्पो असेल तर त्यात ५०० वॉट-अवरच्या आसपासची एक एलएफपी पेटी ठेवली, की मुक्कामावर सगळ्यांचे मोबाइल आणि स्वयंपाकाच्या जागेचा उजेड भागतो. फक्त टेम्पो दुपारी उन्हात उभा राहणार असेल, तर ती पेटी उतरवून पंगतीसोबत सावलीत घ्या.

जुनी झाल्यावर

भंगारवाल्याला शिशाच्या बॅटरीचे पैसे मिळतात म्हणून तो ती आनंदाने नेतो. लिथियम तो घेतो आणि इतर लोखंडाबरोबर फेकतो, हातोड्याखालीही जाते. तसं देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी ती बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीवर आहे. जिथून घेतली त्या दुकानात, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रावर द्या. देईपर्यंत दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि झाकण नसलेल्या पत्र्याच्या डब्यात, तळाला कोरडी वाळू घालून, घराबाहेर सावलीत ठेवा. भावाची ती फुगलेली पॉवर बँक दीड महिना माझ्या ओट्याखाली अशाच डब्यात होती. मी जळगावला गेलो, तेव्हा सोबत नेऊन दिली.